‘विंडो’ची वंशावळ कशी काढायची

ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये ‘विंडो मिळाली का?’ असंच विचारतात. तिकीट विंडो, विंडो सीट, स्लायडिंग विंडो, विंडो एसी, कॉम्प्युटरवरच्या विंडोज हे सगळं बोलण्यात इतकं मुरलंय की हा शब्द जोडशब्द आहे, हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. पण आहे तो जोडशब्दच. त्याचा सांधा झिजून गुळगुळीत झालाय, म्हणून दिसत नाही एवढंच. आणि त्याचे दोन्ही तुकडे संस्कृतातल्या दोन ओळखीच्या शब्दांचे भाऊबंद आहेत.

हा एक शब्द धरून, इंग्रजी जोडशब्दाचं मूळ घरच्या घरी कसं शोधायचं ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे. पहिल्या शब्दाला दोन-तीन तास लागतात. पुढे हात बसला की अर्ध्या-पाऊण तासात एक कागद भरतो.

लागणारं साहित्य

एक फुलस्केप कागद आडवा धरा आणि त्यावर सहा रकाने आखा: आजचा अर्थ, पहिली नोंद, जुनी रूपं, कोणत्या भाषेतून आला, तुकडे, तुकड्यांचे नातलग. खाली चार बोटं जागा मोकळी सोडा. ती ‘फसव्या व्युत्पत्तीं’साठी, आणि ती भरतेच. इंग्रजी शब्द कागदावर रोमन लिपीतच, मूळ स्पेलिंगसकट लिहा. देवनागरीत उतरवला की न उच्चारली जाणारी अक्षरं गळून पडतात, आणि जुना उच्चार अनेकदा नेमका त्या अक्षरांतच शिल्लक असतो. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात, त्याच्या आरंभी मुका ‘क’ आहे. तो एके काळी उच्चारला जायचा. संस्कृत ‘जानु’शी त्याचं नातं जुळतं ते त्या ‘क’मुळेच.

कोश किमान दोन हवेत. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश सर्वांत भरवशाचा. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 मध्ये पुरी झाली. त्यात शब्दाची जुनी रूपं आणि तारखेनिशी उताऱ्यांतली उदाहरणं दिलेली असतात. झटपट नजर टाकायला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ फुकट आहे. मराठी-संस्कृत बाजूसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857), कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (1946) आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश. मोल्सवर्थ आणि टर्नर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत चाळता येतात. कागदी कोश हाताळायची आवड असेल, तर ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे. तिथे चौकशी करा.

कोशातल्या खुणा आधी समजून घ्या, नाहीतर पहिल्याच नोंदीत गोंधळ होतो. शब्दाआधी तारा (*) असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, नातलग भाषांच्या तुलनेतून अभ्यासकांनी ते बांधलेलं आहे. खंजिराची खूण (†) म्हणजे वापरातून गेलेला शब्द किंवा अर्थ. कोनाचं चिन्ह (<) ‘पासून आला’ असं सांगतं. आणि ‘तुलना करा’ अशी सूचना आली, की पुढचा शब्द पूर्वज नसतो, बहुतेक वेळा भावंड असतो. ही शेवटची खूण न कळल्यामुळे सर्वाधिक चुका होतात. लोक भावंडालाच बाप ठरवून मोकळे होतात.

आधी खात्री करा: खरंच जोडशब्द आहे का?

डोळ्यांना दोन तुकडे दिसले म्हणजे दोन शब्द जोडलेत असं नाही. भिवंडीच्या रस्त्याला ‘गोडाऊन’च्या पाट्यांची रांगच आहे. ‘गो’ अधिक ‘डाऊन’, खाली उतरून माल ठेवायची जागा, हे कानाला पटतं. पण ते खोटं आहे. हा शब्द मलायी ‘गुदांग’वरून आला, त्याच्या मागे दक्षिण भारतातल्या भाषांमधला कोठारवाचक शब्द आहे, आणि इंग्रजांनी तो आपल्या कानाला रुचेल असा वळवून घेतला. आपलं ‘गोदाम’ याच कुळातलं. तसंच घोडबंदर रोडवरच्या जाहिरातींतलं ‘पेंटहाऊस’. त्यातलं ‘हाऊस’ मागाहून चिकटलेलं आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘पेंटिस’ होता, जुन्या फ्रेंच ‘आपेंतिस’चा डोकं उडालेला अवतार, आणि मागे लॅटिनमधला ‘टांगणे, जोडणे’ या अर्थाचा धातू. मूळ अर्थ भिंतीला लावलेलं उतरतं छप्पर, म्हणजे आपली पडवी! लोकांनी शेवटच्या ‘इस’मध्ये ‘हाऊस’ ऐकलं आणि पडवीचं घर झालं. ‘कॉकरोच’ही असाच: स्पॅनिश ‘कुकाराचा’चा पहिला भाग इंग्रजी कानाला कोंबड्यासारखा वाटला.

उलट बाजूही आहे. एकसंध दिसणारे कित्येक शब्द मुळात जोडलेले असतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मासुंदा तलावाजवळच्या कोपिनेश्वराच्या देवळात जाताना ‘देऊळ’ म्हणजे ‘देवकुल’ हे कुणाच्या मनात येतं? कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, दीपावलीची दिवाळी, मातृगृहाचं माहेर. दोन शब्द रोज एकत्र बोलले गेले की आघात एकावर राहतो, दुसरा दबतो आणि सांधा झिजतो. विंडो हे इंग्रजीचं देऊळ आहे.

जुनी रूपं एकाखाली एक लिहा

इथे घाई नको, कारण खरं काम हेच आहे. कोशातली रूपं शतकवार उतरवा. ‘विंडो’ इंग्रजीत 13 व्या शतकाच्या सुरुवातीपासून लेखी सापडतो, आणि तेव्हाचं रूप साधारण ‘विंदोघे’ असं आहे. मधला घ घशात घासून म्हणायचा. पुढे ‘विंदोवे’, मग शेवटचा स्वर गळून आजचा ‘विंडो’. म्हणजे आज शेवटी जो मुका ‘डब्ल्यू’ दिसतो, तिथे पूर्वी ग-घ होता.

ही उडी ओढूनताणून मारली आहे का, ते तपासायला नेहमी दुसरी उदाहरणं शोधा. एक उदाहरण योगायोग असू शकतं, तीन असली की नियम दिसू लागतो. जुन्या इंग्रजीत धनुष्य म्हणजे ‘बोगा’, आज ‘बो’. मागे जाणे म्हणजे ‘फोल्गियान’, आज ‘फॉलो’. दुःख म्हणजे ‘सोर्ग’, आज ‘सॉरो’. तिन्हींच्या आजच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘डब्ल्यू’ आहे आणि तिन्हींत तिथे ग होता. म्हणजे ‘विंदोघे’ ते ‘विंडो’ हा प्रवास नेहमीच्या रस्त्यानेच झालाय.

पहिल्या नोंदीचं साल म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे, हेही रकान्यात बारीक अक्षरात लिहून ठेवा. लिहिण्याआधी शब्द बोलला जातोच, कधी शंभर-दोनशे वर्षंसुद्धा. विंडोच्या बाबतीत हे खासच लागू आहे, कारण ज्यांच्या तोंडून तो इंग्लंडात आला ते लोक तिथे 9 व्या शतकातच पोहोचले होते.

कुठून आला?

ते लोक म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग. 865 मध्ये त्यांची मोठी फौज इंग्लंडात उतरली, 866 मध्ये यॉर्क पडलं, आणि पुढच्या पिढ्या तिथेच शेती करत, लग्नं करत राहिल्या. त्यांची भाषा जुनी नॉर्स. तिच्यात भिंतीतल्या किंवा छपरातल्या उघड्या भोकाला ‘विंदाउगा’ म्हणत: ‘विंद्र’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा, साधा षष्ठी तत्पुरुष. काच तेव्हा सामान्य घराला माहीत नव्हती. त्या भोकातून उजेड येई, चुलीचा धूर जाई आणि वारा आत घुसे. शब्द इतका नेमका आहे की त्यावरून घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

शब्द उसना आहे हे सिद्ध कसं करायचं? दोन बाजूंनी. एक, इंग्रजीकडे आधी स्वतःचा शब्द होता का ते पाहा. होता: ‘एआगथ्युरेल’, म्हणजे डोळा अधिक भोक. त्यातलं ‘थ्युरेल’ आजही ‘नॉस्ट्रिल’च्या शेपटात जिवंत आहे, नाकाचं भोक. तो जुना शब्द गेला आणि विंडो बसला. दोन, देणाऱ्या भाषेच्या आजच्या वंशजांत शब्द आहे का ते पाहा. डॅनिशमध्ये खिडकी म्हणजे ‘विंदुए’, नॉर्वेजियनमध्ये ‘विंदु’. आयर्लंडच्या किनाऱ्यावरही व्हायकिंग वसले, तिथल्या आयरिश भाषेत ‘फुन्योग’ हा याच नॉर्स शब्दाचा अवतार आहे. उलट जर्मन ‘फेन्स्टर’ लॅटिन ‘फेनेस्त्रा’पासून. तो लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीतही ‘फेनेस्टर’ म्हणून आला होता आणि 16 व्या शतकाच्या मध्यापर्यंत विंडोच्या बरोबरीने टिकला. मग मागे पडला. इतिहासाच्या पुस्तकात मात्र त्याचं घराणं भेटतं: 1618 मध्ये प्रागच्या किल्ल्यात अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकलं, त्या प्रकाराचं ‘डिफेनेस्ट्रेशन’ हे नाव याच ‘फेनेस्त्रा’वरून.

तुकडे मागे न्यायचे, पण नियम धरून

आता एकेक तुकडा वेगळा घ्या. कागदाचा शेवटचा रकाना भरायची वेळ आली की हात शिवशिवतात, आणि नेमकं तिथेच सावध राहायचं. दोन शब्द सारखे वाजतात म्हणून नातलग ठरत नाहीत. ध्वनींची अदलाबदल नियमाने जुळली पाहिजे.

संस्कृत, लॅटिन, नॉर्स आणि इंग्रजी या एकाच आदिभाषेच्या लेकी आहेत, म्हणून असे नियम सापडतात. मुख्य नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला. आपल्याला तो संस्कृतच्या आधाराने पाठ होतो. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’: पाद – फूट. ‘त’च्या जागी ‘थ’: त्रि – थ्री. ‘द’च्या जागी ‘ट’: दश – टेन, दन्त – टूथ. ‘भ’च्या जागी ‘ब’: भ्रातृ – ब्रदर. या पट्टीचा रोजचा उपयोग असा, की इंग्रजी तुकडा अस्सल घरचा की लॅटिनकडून उसना हे चटकन कळतं. ‘टूथ’मध्ये बदल झालाय म्हणजे तो घरचा. ‘डेंटल’मध्ये ‘द’ जसाच्या तसा आहे, म्हणजे तो बाहेरून आणलेला. पाद आणि ‘पेडल’ फारच जुळतात म्हणून आनंद होत असेल, तर थांबा. ते फार जुळतात हाच पुरावा आहे की ‘पेडल’ लॅटिनमधून आलाय.

विंडोतला पहिला तुकडा नॉर्स ‘विंद्र’, इंग्रजी ‘विंड’, लॅटिन ‘वेन्तुस’, संस्कृत ‘वात’. मूळ धातू वाहण्याचा, संस्कृत ‘वा’. वातावरण, वातकुक्कुट, आयुर्वेदातला वात, झालंच तर ‘निर्वाण’सुद्धा याच धातूचं. इथे एक अडचण येते आणि ती झाकू नये. संस्कृतात ‘त’ आहे, तर ग्रिमप्रमाणे ‘विंथ’ हवा होता. ‘विंड’ कसा? याचं उत्तर डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने 1877 मध्ये छापलं: मूळ शब्दातला आघात त्या व्यंजनाच्या लगेच आधी नसेल, तर ‘थ’ न होता ‘द’ होतो. पुरावा वैदिक स्वरांत आहे. ‘भ्रातृ’चा उदात्त, म्हणजे आघाताचा चढा स्वर, पहिल्या अक्षरावर, म्हणून जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’. ‘पितृ’चा दुसऱ्यावर, म्हणून ‘फॅडर’. आज आपण ‘फादर’मध्ये जो ‘थ’सारखा ध्वनी ऐकतो तो फार नंतरचा बदल आहे. वेदपाठी घराण्यांनी हजारो वर्षं जपलेले स्वर जर्मन-इंग्रजी व्यंजनांचं कोडं सोडवतात, ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी होती. ‘विंड’ हा ‘फॅडर’च्या रांगेतला.

दुसरा तुकडा ‘आउगा’, इंग्रजी ‘आय’, लॅटिन ‘ओकुलुस’, संस्कृत ‘अक्षि’. हिंदीतली ‘आँख’ अक्षीपासूनच. आपण मराठीत डोळा म्हणतो, पण प्रत्यक्ष, परोक्ष, समक्ष आणि साक्षी या शब्दांत अक्षी रोज उच्चारतो. साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. इथेही एक गाठ आहे: जर्मन शाखेतला (जर्मन, नॉर्स, इंग्रजी या भाषांच्या कुळातला) ‘आउ’ हा स्वर नियमाने येत नाही. शेजारच्या ‘कान’वाचक शब्दाच्या नादाने तो बदलला असं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. कागदावर हे ‘स्पष्टीकरण’ म्हणूनच लिहा, ‘नियम’ म्हणून नको.

नातं वेगळं, साम्य वेगळं

इथपर्यंत आल्यावर मराठी वाचकाला ‘गवाक्ष’ आठवणारच. गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. आणि त्याचा शेजारी ‘वातायन’, वाऱ्याची वाट. अमरकोशात हे दोन्ही शब्द एकाच ओळीत शेजारीशेजारी बसले आहेत: वारा एका शब्दात, डोळा दुसऱ्यात, आणि नॉर्समध्ये दोन्ही एकाच शब्दात. मग विंडो गवाक्षापासून आला का? नाही. तुकडे नातलग आहेत, जोड नाही. ‘अक्षि’ आणि ‘आउगा’ एका पूर्वजाचे वंशज, हे खरं. पण ते ‘गो’ला किंवा ‘विंद्र’ला जोडले गेले ते आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणणं कुणालाही सुचतं. गॉथिक या त्याच जर्मन शाखेतल्या जुन्या भाषेत खिडकीला ‘डोळा-दार’ अशा अर्थाचा शब्द होता. यासाठी कागदावर दोन वेगळ्या रेषा वापरा: नात्यासाठी सलग, कल्पनेच्या साम्यासाठी तुटक. आपल्याकडच्या व्युत्पत्तीच्या वादांपैकी निम्मे या दोन रेषा एक झाल्यामुळे होतात.

तुटक रेषेवर आणखी दोन शब्द टाकता येतात. ‘खिडकी’ संस्कृत कोशांतल्या ‘खडक्किका’कडे जाते, म्हणजे बाजूचं छोटं दार. कोकणीतलं ‘जनेल’ पोर्तुगीज ‘जानेला’वरून, आणि तेही लॅटिन ‘यानुआ’, म्हणजे दार, याचं लघुरूप: छोटं दार. ठाणं 1737 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, त्यामुळे तो शब्द या किनाऱ्याला नवा नाही. म्हणजे खिडकीकडे कुणी डोळा म्हणून पाहिलं, कुणी वाऱ्याची वाट म्हणून, कुणी धाकटं दार म्हणून.

आता तळाची मोकळी जागा भरा. विंडोची सर्वांत चिवट फसवी व्युत्पत्ती म्हणजे ‘विंड’ अधिक ‘डोअर’, वाऱ्याचं दार. ती इंग्रजांनाही इतकी पटली होती की 17 व्या शतकात काहींनी शब्दच ‘विंडोर’ असा लिहिला. ती चूक का, हे एका वाक्यात मांडता आलं पाहिजे: 13 व्या शतकातल्या रूपात ‘र’ कुठेच नाही, ‘घ’ मात्र आहे. असं वाक्य जमलं नाही, तर जुन्या रूपांच्या रकान्यात काहीतरी राहून गेलंय असं समजा आणि मागे जा.

पुढचे शब्द

सरावाला ‘डेझी’ घ्या. जुन्या इंग्रजीत ‘दिवसाचा डोळा’, कारण हे फूल रात्री मिटतं. ‘आय’चा सगळा वंश तुमच्या कागदावर आधीच आहे, फक्त ‘डे’ शोधायचा. त्यानंतर ‘कपबर्ड’: ‘बोर्ड’ म्हणजे तेव्हा टेबल, त्यामुळे आधी तो पेले मांडायचा चौरंग होता, दारं-कप्पे नंतर आले. आपल्या ‘कपाटा’चं उलटं झालं, कारण संस्कृतात कपाट म्हणजे नुसती दाराची फळी. मग ‘लॉर्ड’ आणि ‘लेडी’ एकत्र करा: पहिला पावाचा राखणदार, दुसरी पावाची कणीक मळणारी. त्या मळण्याच्या धातूचा माग काढलात तर संस्कृत ‘देह’पर्यंत जाल, लिंपून घडवलेलं ते. ‘ब्राइडग्रूम’ मात्र चौथ्या-पाचव्या कागदासाठी ठेवा. त्यातला ‘ग्रूम’ घोड्याच्या मोतद्दारासारखा दिसतो, पण जुनं रूप ‘ब्रिदगुमा’ आहे, ‘गुमा’ म्हणजे माणूस. तो शब्द लोक विसरले आणि जवळचा ओळखीचा तुकडा तिथे बसवला. ‘र’ कोणत्या शतकात घुसला ते रूपांच्या रकान्यात नेमकं पकडा.